तळ्याकाठचं लग्न आणि कोपऱ्यातली आजी

जुन्या फोटो स्टुडिओत मागच्या भिंतीला एक रंगवलेला पडदा टांगलेला असायचा. सातारा असो, कराड असो, सांगली-मिरज असो, पडद्यावरचं चित्र साधारण ठरलेलं. संगमरवरी जिना, कठड्यावर फुलांची कुंडी आणि पलीकडे निळंशार तळं. तळ्यात एक-दोन राजहंस, वर पौर्णिमेचा चंद्र. लग्न पार पडलं, सत्यनारायण झाला, जागरण-गोंधळ आटोपला, की नवं जोडपं थोरल्या जावेला नाहीतर धाकट्या दिराला सोबत घेऊन स्टुडिओत जायचं. नवरा खुर्चीत, नवरी शेजारी उभी, तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि मागे ते तळं. ज्या गावांत प्यायच्या पाण्यासाठी विहिरीवर घागरींची रांग लागायची, त्या गावांतल्या भिंतींवरही हे तळं खिळ्याला लटकत होतं.

आता पडदा गेला आणि तळं खरं झालं. सातारा जिल्ह्याला त्याची कमतरता नाही. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ साली सातारच्या छत्रपतींनी बांधून घेतला, तो तर पिढ्यान्‌पिढ्या मधुचंद्राच्या फोटोंत आहे. सातारा शहराला पाणी पाजणारा कास तलाव आहे. वाईजवळ धोम धरणाचं पाणी आहे. आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ म्हणजे कोयना धरणामुळे झालेला शिवसागर. तापोळा, बामणोलीपासून पार कोयनानगरपर्यंत डोंगरांच्या कुशीत शिरत गेलेला. सांगलीकरांना तळ्यासाठी इकडे यावं लागतं. त्यांच्याकडे कृष्णामाई आहे, घाट आहे, गणपतीचं देखणं मंदिर आहे, पण डोंगर आणि तळं एका चौकटीत हवं असेल तर गाडी सातारच्या दिशेनंच वळवायला हवी. पहाटे तीनला सांगलीहून निघालेली गाडी उजाडताना कासच्या घाटात असते. मागच्या सीटवर नवरदेव पेंगत असतो, नवरी हातातल्या आरशात काजळ नीट करत असते आणि फोटोग्राफर दर दोन मिनिटांनी काचेबाहेर डोकावून धुकं किती आहे ते बघत असतो.

हे झालं लग्नाआधीच्या फोटोंचं. अलीकडे लग्नंही तळ्याकाठीच होऊ लागली आहेत. बामणोली-तापोळ्याच्या परिसरात गेल्या काही वर्षांत छोटी हॉटेलं, तंबू, कृषी पर्यटन केंद्रं उभी राहिली. आठ-दहा खोल्या, पुढं अंगण, अंगणाच्या टोकाला पाणी. एरवी वासोट्याला जाणारी तरुण पोरं तिथं उतरतात, नाचणीची भाकरी आणि पिठलं खातात. लग्न असलं की त्याच अंगणात मांडव पडतो. हजार माणसांच्या पंक्ती उठवायची ही जागा नव्हे. शे-दीडशे माणसं आली की अंगण भरतं. त्यामुळे इथल्या लग्नात पहिला प्रश्न येतो तो कुणाला बोलवायचं हा नसून कुणाला गाळायचं हा.

माझ्या एका स्नेह्याच्या नातीचं लग्न असंच शिवसागरच्या काठावर झालं, तेव्हा दोन दिवस मी फोटोग्राफरच्या मागं मागं हिंडलो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ असतो आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा परवाना असतो, असा माझा समज आहे.

तळ्याकाठी फोटो काढणं दिसतं तितकं सोपं नाही. अकरा-साडेअकराचा मुहूर्त फोटोग्राफरला सगळ्यांत नावडता. डोक्यावर ऊन, मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर आणि पाण्यावरून येणारी तिरीप अशी, की निम्मं वऱ्हाड डोळे मिचकावत असतं. गोरज मुहूर्त असेल तर त्याची कळी खुलते. बामणोलीच्या काठावरून सूर्य पलीकडे वासोट्याच्या बाजूला डोंगराआड जातो. पाणी आधी तांबूस, मग जांभळं होतं. पण त्यातही मेख आहे. मागे एवढा उजेड असला की पुढची माणसं काळीठिक्कर येतात. म्हणून एक मदतनीस रुपेरी कापडाची गोल चकती धरून बाजूला उभा असतो आणि मावळता उजेड नवरीच्या तोंडावर परतवत असतो. ‘‘पंधरा मिनिटं असतात काका,’’ तो पोरगा मला म्हणाला. ‘‘तेवढ्यात अंतरपाट धरायचा, मंगलाष्टकं म्हणायची, अक्षता टाकायच्या. भटजींना आधीच सांगून ठेवलंय, आज आळवत बसू नका.’’

तळ्याचंही एक पंचांग असतं. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात, तेव्हा पावसाळ्यात भरलेलं धरण काठोकाठ असतं. झाडांची बोटं पाण्यात बुडालेली असतात. वैशाखातली लग्नं म्हणजे निराळी गोष्ट. तोवर वीज आणि शेतीसाठी पाणी खर्ची पडलेलं असतं, तळं दूर मागं सरकलेलं असतं आणि काठावर तांबड्या मातीचा उघडा पट्टा दिसतो. भर पाण्याचे फोटो बघून मे महिन्याची तारीख धरणारे पाहुणे मग हॉटेलवाल्याकडे रागानं बघतात, जणू त्यानंच बूच काढून पाणी सोडलंय.

त्या हॉटेलवाल्याचे वडील, ऐंशीच्या घरातले, दोन्ही दिवस ओसरीवर बसून सगळा सोहळा बघत होते. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ टेकलो. समोर नवरा-नवरी होडीत बसून फोटो काढून घेत होती. त्यांनी काठीनं पाण्याकडे बोट केलं.

‘‘ती नाव हाय न्हवं, तिच्या खाली आमचं घर. थोडं अल्याड-पल्याड आसंल. माझ्या थोरल्या बहिनीचं लगीन त्याच अंगणात लागलं.’’

‘‘फोटो आहे का, आबा?’’

‘‘फोटु कुठला? त्यावक्ती साताऱ्याला जायाचं तर एक दिस चालत. कोन येतुय फोटु काढाया?’’

कोयनेचं काम १९५४ साली सुरू झालं आणि साठीच्या दशकात हे खोरं पाण्याखाली गेलं. शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी कोकणात उतरलं, कुणी ठाण्याकडे, कुणी सांगली-सोलापूरकडे गेलं, कुणी डोंगराच्या वरच्या अंगाला सरकून राहिलं. महाराष्ट्रातल्या घराघरांत जो दिवा लागला त्यात कोयनेचा वाटा मोठा आहे. पण त्या दिव्याखालच्या गावांत कॅमेरा फार थोड्या अंगणांत पोचला असेल. ती घरं, ते उंबरे, त्या मांडवातली माणसं कशी दिसत होती, हे आता आबांसारख्यांच्या डोळ्यांतच शिल्लक आहे. त्या डोळ्यांच्या प्रती काढता येत नाहीत.

आबांना या लग्नांचा राग नव्हता, हेही सांगायला हवं. ‘‘आमच्या अंगनात पुन्यांदा वाजंत्री वाजतीया, चांगलंच हाय की,’’ असं म्हणून ते हसले. मुलाचं हॉटेल चालतं, चार पोरांना काम मिळतं, मुंबईला गेलेला नातू परत यायचं म्हणतो. फक्त एकदा ते पुटपुटले, ‘‘पन म्हातारी मानसं कुणी दिसत न्हाईत ओ ह्यांच्यात.’’

त्या वाक्यानं मला माझ्या बँकेतल्या टेबलापाशी नेऊन बसवलं.

फोटोग्राफर ही जमात मला बँकेमुळे कळली. १९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना आली आणि सुशिक्षित बेकारांना धंद्यासाठी कर्ज देण्याचं काम आम्हा शाखाधिकाऱ्यांकडे आलं. पिठाची गिरणी, झेरॉक्स, शिवणयंत्र यांच्या रांगेत ‘फोटो स्टुडिओ’ हा अर्ज हटकून असे. मी सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या शाखांत होतो. अर्जदार पोरगा आधी कुणातरी जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली फ्लॅशची बॅटरी खांद्याला लटकावून दोन-तीन हंगाम हिंडलेला असायचा. हप्ता महिन्याचा ठरवला की तो मान हलवायचा. ‘‘साहेब, आमचं पीक लग्नसराईचं. आषाढात कुठून आणू?’’ त्याचं खरं होतं. ऊसवाल्याचा हप्ता आम्ही कारखान्याच्या बिलावर बांधायचो, मग याचा मुहूर्तांवर का बांधू नये? १९९९ साली ज्येष्ठ अधिक आला, मे महिन्याच्या मध्यावरच मुहूर्त थांबले आणि माझ्या शाखेतल्या फोटोग्राफरांची खाती एकदम मलूल झाली. तेव्हापासून कर्जाचा कागद करण्याआधी मी दाते पंचांग बघत असे. वरिष्ठांना त्याची गंमत वाटायची, पण वसुली चांगली व्हायची.

ही मंडळी गप्पा मारायला बसली की जुन्या उस्तादांच्या आठवणी निघत. त्या काळचा लग्नाचा हिशेब रोलमध्ये असायचा. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी फोटो काढणारा कॅमेरा असेल तर एका रोलला बारा फोटो. बेताचं घर असेल तर एक रोल, बरं असेल तर दोन. म्हणजे अख्ख्या लग्नाचे चोवीस फोटो! त्यात हळद, अक्षता, हार, कन्यादान, सप्तपदी, झाल हे सगळं बसवायचं. बटण दाबण्याआधी फोटोग्राफर दोनदा विचार करायचा. आणि कितीही ओढाताण असली तरी एक फोटो ठरलेला, घरच्यांचा ग्रुप. सतरंजीवर पोरंटोरं, मागं खुर्च्यांवर वडीलधारे, त्यांच्या मागं उभी कर्ती पिढी आणि सगळ्यांत मागं बाकावर चढलेली हौशी मंडळी. आजीला आतून हाताला धरून आणायचे. ती नको नको म्हणायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि बहुतेक वेळा एका टोकाला बसायची.

या टोकाच्या खुर्चीचं मोल पुढं कधीतरी कळायचं. स्टुडिओत भर पावसाळ्यात, मुहूर्त नसताना, एखादा माणूस पिशवीतून तो ग्रुप फोटो बाहेर काढायचा आणि बोट ठेवायचा. ‘‘एवढी आमची आई मोठी करून द्या. हार घालायला पाहिजे.’’ फोटोग्राफर मग त्या फोटोचा फोटो घ्यायचा, शेजारच्याचा खांदा पुसायचा, पार्श्वभूमी पांढरी करायची, बारीक कुंचल्यानं डोळे ठसठशीत करायचा. आपल्या भिंतींवर चंदनाचा हार घालून ज्या आजी-आजोबांच्या तसबिरी आहेत, त्यांतल्या कितीतरी अशा कुणाच्या ना कुणाच्या लग्नातून आलेल्या आहेत. नीट बघितलं तर आजीच्या खांद्यापाशी कुणाच्या तरी फेट्याचा तुरा राहिलेला असतो. लग्नाचा फोटो नवरा-नवरीचा असतो, हा आपला समज आहे. नवरा-नवरीचे आणखी फोटो निघतात. बारशाला निघतात, मुंजीला निघतात. आजीचा मात्र बहुधा तेवढाच असायचा.

आता फोटो मोजावे लागत नाहीत. एका लग्नाचे तीन-चार हजार सहज होतात. मी ज्या लग्नात हिंडलो तिथंही झाले असतील. होडीतले झाले, पुलावरचे झाले, ड्रोन आकाशात गेला आणि वरून मांडव म्हणजे हिरव्या रानात सांडलेली अक्षता दिसली. फोटोग्राफर आता नुसता टिपत नाही, तो बसवतो. कुठून चालत या, कुठं वळून बघा, कधी हसा हे तो सांगतो. मराठी नाटकाचा जन्मच मुळी सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवर’नं, म्हणजे एका लग्नानं झाला. तेव्हा लग्नाचं नाटक झालं तर सांगलीकरांनी तरी तक्रार करू नये! माझीही तक्रार नाही. तरुण जोडप्याला तळ्याकाठी आपला एक सिनेमा असावा असं वाटलं तर वाटू दे. मेणवलीच्या घाटावर २००४ सालच्या ‘स्वदेस’ची नायिका वावरली, तिथं आमच्या विट्याची, तासगावची मुलगी का उभी राहू नये?

पण अल्बम हातात आला तेव्हा मी पानं उलटत गेलो. जाडजूड पानं, गुळगुळीत, दोन पानं मिळून एक तळं. नवरा-नवरी डावीकडे, नवरा-नवरी उजवीकडे, पाण्यात उलटी पडलेली नवरा-नवरी. स्नेही म्हणाला, ‘‘अरे, माझी मोठी बहीण कुठं दिसत नाही.’’ ब्याऐंशी वर्षांची ती बाई पंढरपूरहून गाडीत अवघडून आली होती. तीन हजार फोटोंतून शोधल्यावर ती सापडली. एका फोटोत, पाठमोरी, खुर्चीत बसलेली, आणि फोटोचा विषय तिच्या पुढ्यातली रांगोळी होता.

या अल्बमचं पुढं काय होतं, याचा विचार आपण लग्नाच्या गडबडीत करत नाही. सांगलीनं तो केला आहे. शिवसागरचं बरंचसं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे, कोकणात जातं. पण पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उचलावे लागतात, मग ते कोयनेतून खाली येतं, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि सांगलीच्या वाटेला लागतं. सांगलीपाशी हरिपूरला वारणाही येते. पाऊस, नद्या, धरणं, माणसांनी नदीत घातलेली घरं, अशी पुराची कारणं अनेक आहेत. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाण्यानं सत्तावन्न फुटांची खूण ओलांडली. १९२९ साली बांधलेल्या या पुलाच्या खांबावरचा आकडा सांगलीच्या घराघरांत तोंडपाठ असतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. सत्तावन्न म्हणजे नदीकाठच्या पेठांत पहिला मजला गेला. २००५ साली सांगलीनं पूर बघितला होता, २०२१ साली पुन्हा बघितला, पण २०१९ची गोष्टच वेगळी.

पाणी उतरल्यावर मी माझ्या सांगलीच्या नातेवाइकांकडे गेलो होतो. गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, धान्याची फुगलेली पोती. गाळाचा वास. लोक विमा, पंचनामा यांबद्दल बोलत होते. पण बायका पायरीवर बसून वेगळंच काम करत होत्या. त्या अल्बम उलगडत होत्या. फ्रिज गेला, टीव्ही गेला, याची भरपाई सरकार देईल न देईल, पैसे साठवून पुन्हा घेता येतो. अल्बमच्या ओल्या गठ्ठ्यापुढं बसलेल्या बाईला काय सांगणार?

तिथं एक नवल दिसलं. जुने कृष्णधवल फोटो बरेचसे तगले होते. त्याचं कारण सोपं आहे. ते फोटो जन्मालाच पाण्यातून आलेले. अंधाऱ्या खोलीत रसायनांतून काढून त्यांना भरपूर पाण्यात धुतलं जायचं. त्यातली काळी छटा चांदीच्या कणांची असते, ती पाण्यात विरघळत नाही. गाळ हळूच धुतला की चेहरे पुन्हा वर यायचे. रंगीत फोटोंचे थर तितके चिवट नसतात आणि शाईच्या फवाऱ्यानं घरच्या प्रिंटरवर छापलेल्यांचे तर रंगच ओघळून गेले होते. ज्यांनी फोटो कधी छापलेच नव्हते, त्यांची सगळी लग्नं एका बुडालेल्या कॉम्प्युटरच्या पेटीत होती.

पूर सांगून येत नाही, म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो. भिजलेले फोटो गठ्ठ्यातच वाळू देऊ नयेत. फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजून मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला चिकटून बसतो. ओढून काढला की चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून येतो. चिकटलेले फोटो स्वच्छ, थंड पाण्यात ठेवावेत म्हणजे हळूहळू सुटे होतात. चित्राची बाजू चोळू नये. सावलीत, चित्र वर करून पसरावेत, नाहीतर दोरीला कडेनं चिमटे लावून टांगावेत. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चक्क फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, सवड मिळाली की काढावेत. जपानात २०११ साली भूकंप आणि त्सुनामी झाली, तेव्हा स्वयंसेवकांनी ढिगाऱ्यांत सापडलेले अनोळखी लोकांचे फोटो याच रीतीनं धुतले, दोऱ्यांवर वाळवले आणि सभागृहांत मांडून ठेवले. घर गेलेली, माणसं गेलेली कुटुंबं तिथं येऊन आपले चेहरे शोधत फिरत. जगाच्या पाठीवर कुठंही पाणी ओसरलं की माणूस आधी माणसंच शोधतो.

सांगलीच्या त्या गल्लीतही तेच. ओल्या अल्बममधून बायका जे फोटो आधी सोडवत होत्या ते हारांचे नव्हते, सप्तपदीचेही नव्हते. माझ्या नात्यातल्या वहिनींनी स्वतःच्या लग्नाचे फोटो बाजूला ठेवले आणि ग्रुप फोटो तेवढा परातीत घेतला. गाळ निवळत गेला तशी एकेक रांग वर आली. ‘‘हे मामा. ह्या आत्याबाई. आणि ही बघा आमची आई. हिचा दुसरा फोटो नाही हो कुठं.’’

म्हणून तळ्याकाठी लग्न काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तळं जरूर असू द्या, होडी असू द्या, ड्रोनही उडू द्या. पलीकडचं वासोट्याचं रान अभयारण्याचं आणि व्याघ्र प्रकल्पाचं आहे, तेवढं त्याला सांभाळून राहू द्या म्हणजे झालं. मात्र फोटोग्राफर ठरवताना पैशांच्या बोलीबरोबर आणखी एक बोली करा. अक्षता पडल्या की सूर्य मावळायच्या आत अर्धा तास त्याचा कॅमेरा घरच्यांसाठी. खुर्च्या मांडा, सतरंजी अंथरा, आतल्या खोलीत कपडे सांभाळत बसलेल्या मावशीला हाक मारा. म्हाताऱ्यांना टोकाला नको, मध्यभागी बसवा. त्यांचे एकेकट्याचे, समोरून, स्वस्थपणे दोन-दोन फोटो घ्यायला सांगा. मग ते चांगल्या कागदावर छापून घ्या आणि एक प्रत सासरी, एक माहेरी ठेवा. दोन्ही गावांना एकाच दिवशी पूर येत नाही. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. आज ती सगळ्यांना पाठ आहेत म्हणूनच आज लिहा.

आणि जिच्या नावाशी कुणाला तरी थांबून ‘‘ह्या कोण गं?’’ असं विचारावं लागेल, तिचं नाव आधी लिहा.